दोन तालमी

महाराष्ट्रात ‘तालीम’ हा शब्द दोन अगदी निराळ्या ठिकाणी ऐकू येतो. कोल्हापुरात एखादा मुलगा ‘तालमीत जातो’ म्हणाला, की तांबड्या मातीचा आखाडा, जोर-बैठका काढणारी मुले आणि शड्डू ठोकणारे मल्ल डोळ्यांपुढे उभे राहतात. नाटकमंडळींत मात्र तालीम म्हणजे नाटकाचा सराव. शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. तेव्हा आखाडा आणि रंगमंच या दोहोंच्या वाट्याला हा एकच शब्द आला, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. दोन्ही ठिकाणी माणूस घडवण्याचेच काम चालते.

आखाड्यातील शिक्षण दंडाच्या बेटकुळीवरून ओळखता येते. नाटकाच्या तालमीत जे घडते, ते इतके उघड दिसत नाही. प्रेक्षकांना दिसतो तो प्रयोग. झगमगणारे दिवे, रंगवलेले चेहरे आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट! तास-दीड तासात सारे आटोपते. त्यामागचे महिना-दोन महिन्यांचे कष्ट पडद्याआडच राहतात. पण नाटकात काम करणाऱ्या मुलांना आयुष्यभर पुरणारी शिदोरी मिळते, ती पुष्कळशी त्या पडद्याआडच्या दिवसांतच.

मुलांचे नाटक म्हणजे संमेलनातील घटकाभराची करमणूक, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ काळ होती. ती बदलण्यासाठी ज्यांनी परिश्रम घेतले, त्यांत सुधा करमरकर यांचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेत मुलांच्या रंगभूमीचा अभ्यास करून त्या परतल्या आणि १९५९ साली मुंबईत त्यांनी ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमी सुरू केली. मुंबई मराठी साहित्य संघाने त्यांना पाठबळ दिले. त्यांचे पहिले नाटक ‘मधुमंजिरी’. ते लिहिले होते ऐन विशीतल्या रत्नाकर मतकरी यांनी, आणि त्यातील चेटकीण स्वतः सुधाताईंनी रंगवली होती. पुढे १९६२ साली मतकरींनीही ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. मुलांसाठीचे नाटक मोठ्यांच्या नाटकाइतक्याच काळजीने बसवले पाहिजे, हा या मंडळींचा आग्रह होता. आज राज्य शासनाच्या वतीने बालनाट्यांच्या स्पर्धा होतात, कित्येक गावांत मुलांसाठी नाट्यवर्ग आणि शिबिरे भरतात. तेथे मुले नेमके काय शिकतात?

समजा, एका शाळेने नाटक बसवायचे ठरवले आहे. नाटकाची गोष्ट साधी आहे. राज्यात दुष्काळ पडला आहे. नदी आटली आहे. एका सावकाराने एका शेतकऱ्याचे बैल अडकवून ठेवले आहेत. राजा चिंतेत आहे. शेवटी एक दूत धावत येतो आणि म्हणतो, “महाराज, नदीला पाणी आले!” तेथे नाटकाला कलाटणी मिळते.

पात्रे ठरवण्याच्या दिवशी पाहावे, तर प्रत्येकाला राजा व्हायचे असते! दूत व्हायला कोणीच तयार नसतो. त्याला बोलायला एकच वाक्य. ज्या मुलाच्या वाट्याला ते काम येते, तो हिरमुसला होतो. परंतु चार तालमी झाल्या, की त्याच्या ध्यानात एक गोष्ट येते. आपले एक वाक्य योग्य वेळी म्हणण्यासाठी त्याला सबंध नाटक कान देऊन ऐकावे लागते. तो क्षणभर आधी शिरला, तर राजाचे बोलणे तुटते. क्षणभर उशिरा आला, तर राजा सिंहासनावर नुसताच बसून राहतो. राजाच्या पन्नास वाक्यांचा भार त्या एका वाक्यावर तोललेला असतो. काम लहान असले, तरी जबाबदारी लहान नसते, ही गोष्ट त्या मुलाला उपदेशाने पटली नसती. ती त्याला विंगेत उभे राहून पटते.

एका हाताने टाळी वाजत नाही, तसे एकट्याच्या बोलण्याने नाटक होत नाही. नवशिका नट समोरच्याचे बोलणे संपण्याची केवळ वाट पाहत असतो. त्याचे सारे लक्ष स्वतःच्या पुढच्या वाक्यावर. अशा वेळी जाणते शिक्षक तालीम थांबवतात आणि विचारतात, “आता सावकार तुला काय म्हणाला?” मुलगा गोंधळतो, कारण त्याने ते ऐकलेलेच नसते. हळूहळू त्याला कळू लागते, की उत्तर ऐकण्यातूनच उगवते. घरी, वर्गात, मित्रांच्या घोळक्यात किती भांडणे एवढ्याचसाठी होतात, की सगळे बोलत असतात आणि कोणीच ऐकत नसते!

बोलण्याचेही तसेच. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा, म्हणजे ओरडायचे असा पुष्कळांचा समज असतो. ओरडले, की घसा बसतो आणि शब्द फुटतात. म्हणून तालमीत आधी श्वास शिकवतात. छातीच्या वरच्या भागातून उथळ श्वास न घेता तो पोटापर्यंत भरून घ्यायचा आणि वाक्य संपेपर्यंत पुरवायचा. ‘न’ आणि ‘ण’, ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद जिभेला लावून घ्यायचा. कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, याचा विचार करायचा. “मी गेलो नाही” हे तीन शब्दांचे वाक्य घ्या. ‘मी’वर जोर दिला, तर दुसरा कोणी गेला असावा असे वाटते. ‘नाही’वर जोर दिला, तर कोणीतरी खोटा आरोप केला असावा असे वाटते. शब्दांचे हे सामर्थ्य एकदा ओळखले, की मूल मुलाखतीत, सभेत अथवा दुकानातही आपले म्हणणे नीट मांडू शकते.

आता शेतकऱ्याचे काम करणाऱ्या मुलाकडे वळू. पहिल्या दिवशी तो सावकारापुढे मोठ्याने रडू लागतो. वर्ग हसतो. शिक्षक हसत नाहीत. ते विचारतात, “ज्याचे बैल नेले, तो माणूस सावकाराच्या दारात कसा उभा राहील? उंबऱ्याच्या आत की बाहेर? त्याची नजर कोठे असेल? हात काय करत असतील?” मुलाजवळ उत्तर नसते. दुसऱ्या दिवशी बाजारातून जाताना तो माणसांकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो. उधार मागणारा गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीशीच घुटमळतो, डोक्यावरची टोपी उगीच सारखी करतो, हे त्याला दिसते. आठवड्याने तोच प्रवेश होतो. आता तो रडत नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून मान खाली घालून एकच वाक्य बोलतो, आणि वर्ग स्तब्ध होतो.

परदुःख शीतळ, अशी आपल्याकडे म्हण आहे. दुसऱ्याचे दुःख आपल्याला भाजत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. दुसऱ्याच्या जागी क्षणभर उभे राहिल्यावाचून त्या दुःखाची ऊब लागत नाही. नाटक मुलांना ती जागा देते. सावकाराचे काम करणाऱ्यालाही ते सुटत नाही. ‘हा दुष्ट आहे’ एवढे म्हणून त्याचे भागत नाही. हा माणूस असा का वागतो, त्याला कशाचे भय वाटते, याचा शोध त्याला घ्यावा लागतो. एखाद्याचे वागणे न आवडताही त्याचे मन समजून घेता येते, हा धडा मोठेपणी फार उपयोगी पडतो.

प्रयोगाचा दिवस उजाडतो. तिसरी घंटा होण्यापूर्वी हात गार पडतात, घशाला कोरड पडते. असे ज्याला होत नाही असा नट विरळा. तालमीने भीती नाहीशी होत नाही. भीती वाटत असतानाही काम कसे करावे, हे तालमीने कळते. आणि समजा, ऐन वेळी राजा आपले वाक्य विसरला, तर? प्रधानाला सबंध प्रवेश ठाऊक असतो. तो चटकन म्हणतो, “महाराज, आपण प्रजेच्याच विचारात आहात ना?” राजाला धागा सापडतो. प्रेक्षकांना काही कळतही नाही. तेथे प्रधान राजाला हसत बसला असता, तर नाटक दोघांचेही पडले असते. चूक झालेल्याला सावरून घेणे हे सर्वांच्याच हिताचे असते, हे त्या एका क्षणात सिद्ध होते.

रंगमंचामागचे काम तर कोणालाच दिसत नाही. पडदा ओढणारा, तलवार आणि मुकुट वेळेवर हाती देणारा, हातात वही धरून संवाद सांभाळणारा या साऱ्यांना टाळ्या मिळत नाहीत. तरी एक मुकुट जागेवर नसला, तर राजाला प्रवेश करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात शालेय मुलांसाठी दहा जीवनकौशल्ये सांगितली. स्वतःला ओळखणे, दुसऱ्याच्या भावना जाणणे, नीट संवाद साधणे, माणसांशी चांगले संबंध ठेवणे, निर्णय घेणे, अडचणीतून मार्ग काढणे, पारखून विचार करणे, नवे सुचणे, भावनांना आवर घालणे आणि ताण सोसणे, ही ती दहा. वर सांगितलेल्या तालमीत यांतील बहुतेक सगळी मुलांच्या अंगवळणी पडतात, आणि तीही ‘आज अमुक कौशल्याचा तास’ असे न सांगता!

तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाही. नाटक आपोआप सद्गुण देत नाही. दरवर्षी त्याच चार चुणचुणीत मुलांना कामे मिळाली आणि बक्षिसावरच सगळ्यांचा डोळा राहिला, तर तालमीतून अहंकार तेवढा वाढतो. बुजरी मुले, अडखळत बोलणारी मुले, गावाकडची बोली बोलतात म्हणून हसू होणारी मुले मागच्या बाकावरच राहतात. वस्तुतः तालमीची गरज त्यांनाच अधिक असते. आखाड्यातला वस्ताद किरकोळ अंगाच्या पोराला ‘आधी बळकट हो, मग ये’ असे सांगत नाही. बळकट होण्यासाठीच तर तो आलेला असतो! मग बुजऱ्या मुलाला ‘आधी बोलायला शीक, मग नाटकात घेऊ’ असे कसे म्हणता येईल?

रत्नाकर मतकरी यांनी आपल्या उत्तरायुष्यात हेच जाणून एक उपक्रम उभा केला. ठाणे शहरातील वस्त्यांत राहणाऱ्या मुलांसाठी २०१४ साली त्यांच्या कल्पनेतून ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू झाला. समता विचार प्रसारक संस्थेने त्याला साथ दिली. या मुलांना तयार नाटकाची वही देऊन पाठ करायला लावले नाही. आपल्या वस्तीत जे पाहिले, जे सोसले, त्यावर त्यांनीच नाटुकली रचली आणि स्वतःच्या भाषेत सादर केली. ज्यांच्याविषयी नेहमी दुसरेच बोलत असत, ती मुले स्वतः बोलू लागली. २०२० साली मतकरींचे निधन झाले. परंतु रंगमंच हा सर्वांचा आहे, ही त्यांनी दाखवलेली वाट मोलाची आहे.

प्रयोग संपतो. पडदा पडतो. खोबरेल तेलाने चेहऱ्यावरचा रंग पुसला जातो, पुठ्ठ्याचा मुकुट कपाटात जातो. दुसऱ्या दिवशी राजा, सावकार, शेतकरी आणि दूत पुन्हा एका वर्गात शेजारी शेजारी बसतात. त्यांच्यात काय बदलले, हे पाहणाऱ्याला लगेच दिसणार नाही. परंतु वर्गातील एखादा मुलगा फळ्यापुढे उभा राहून अडखळला आणि सगळे हसायच्या आत कोणीतरी हळूच त्याला पुढचा शब्द सुचवला, तर समजावे, की तालीम वाया गेली नाही.

स्वाध्याय

१. दूताचे काम लहान असूनही महत्त्वाचे का होते, ते लिहा.
२. शेतकऱ्याचे काम करणाऱ्या मुलाच्या अभिनयात बदल कसा घडला?
३. आखाडा आणि नाटक यांच्या तालमींत कोणते साम्य आहे, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
४. “मी गेलो नाही” हे वाक्य निरनिराळ्या शब्दांवर जोर देऊन म्हणा आणि प्रत्येक वेळी अर्थ कसा बदलतो, ते पाहा.