आजची आयत : सूरह नाझिआत (79), आयत 40-41 – नफ्सला लगाम



आज आपण तिसाव्या पाऱ्यात आहोत. सूरह नाझिआत मक्केत अवतरली, एकूण 46 आयती. आयत 37 ते 41 मध्ये दोन माणसं समोरासमोर उभी केली आहेत. पहिल्याने मर्यादा ओलांडली आणि दुनियेलाच वरचढ मानलं. त्याचं ठिकाण जहन्नम. दुसऱ्याच्या मनात आपल्या रबसमोर उभं राहण्याची धास्ती होती, आणि त्याने नफ्सला 'हवा'पासून रोखलं. त्याचं ठिकाण जन्नत.

अरबी 'हवा' म्हणजे वारा नव्हे, मनाची ओढ. मराठीतलं 'मला हवंय' आठवलं की लक्षात राहतं. शब्द वेगळे आहेत, पण योगायोग उपयोगी आहे.

रोखणं, मारणं नव्हे

आयतीत नफ्सला रोखायला सांगितलंय, संपवायला नाही. इमाम गझाली (मृत्यू 1111) यांच्या 'इह्या उलूमुद्दीन' या 40 प्रकरणांच्या ग्रंथात एक पूर्ण प्रकरण नफ्सच्या शिस्तीवर आहे. त्यांचं म्हणणं असं : भूक नसती तर माणूस जगला नसता, राग नसता तर त्याने स्वतःचं रक्षण केलं नसतं. म्हणून या शक्ती उपटून टाकायच्या नाहीत, त्यांना अक्कल आणि शरीअतच्या हुकमात आणायचं. घोडा मारून प्रवास होत नाही, लगाम घालून होतो.

कुरआनमध्ये नफ्सच्या तीन अवस्था येतात. वाईटाकडे ढकलणारा नफ्स (12:53), स्वतःलाच दोष देणारा नफ्स (75:2) आणि शांत झालेला नफ्स (89:27). मला पूर्वी वाटायचं की या तीन लेव्हल आहेत. एक पार केली की पुढची, मागे जायचं नाही. खरं तर एकाच दिवसात माणूस यातल्या दोघांत फिरून येतो. माझंच सांगतो.

गुरुवारची रात्र

मागच्या महिन्यात एका गुरुवारी नफ्ल रोजा ठेवला होता. इफ्तार झाली, मग्रिब झाली, मनात समाधान. खरं सांगायचं तर समाधानापेक्षा थोडा गर्वच. रात्री रिलीज होतं, मी कॉलवर होतो. अम्मीने दारातून विचारलं, ''बेटा, जरा कोमट पाणी देतोस? गोळी घ्यायचीय.'' मी मान न वळवता म्हणालो, ''अगं थांब ना दोन मिनिटं! कॉल चालू आहे, दिसत नाही का?''

कॉलवर मी म्यूट होतो. माझा नंबरही आला नव्हता.

दोन मिनिटांची चाळीस झाली. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा अम्मी झोपली होती. गोळी स्टुलावर तशीच पडलेली.

सूरह इस्रा (17:23) आईवडिलांना 'उफ्'सुद्धा म्हणू नका असं सांगते, आणि झिडकारू नका असंही. दिवसभर मी पोटाला आवर घातला होता. जिभेला नाही. रोजा भुकेचा होता, पण माझी खरी 'हवा' भुकेत नव्हतीच. ती होती 'माझं काम महत्त्वाचं, मला कुणी अडवू नये' या भावनेत. आपण बहुतेक वेळा सोपी इच्छा आवरतो आणि अवघड इच्छेला हातही लावत नाही.

माहीमची एक गोष्ट

आपल्या कोकणचे मोठे आलिम मखदूम अली माहिमी (1372-1431) यांनी अरबीत कुरआनची तफसीर लिहिली, 'तब्सीरुर्रहमान'. आयती एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत हे उलगडून दाखवणं हा तिचा विशेष. मुंबईत जे.जे. फ्लायओव्हरवरून गेला असाल तर त्यांच्याच नावाच्या पुलावरून गेलात.

त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात. रात्री आईने पाणी मागितलं. ते घेऊन आले तोवर आईचा डोळा लागला होता. उठवायचं कसं, आणि जाग आली तर पाणी कोण देणार, म्हणून ते पेला हातात धरून पहाटेपर्यंत उभे राहिले. हीच गोष्ट हजरत बायझीद बिस्तामींबद्दलही सांगितली जाते, म्हणून ती इतिहास म्हणून नव्हे, शिकवण म्हणून घ्या.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन. त्या रात्री पहिल्यांदा कळली. तीच वेळ, तेच पाणी, तशीच झोपलेली आई. फरक एवढाच, की ते उभे होते आणि मी चाळीस मिनिटं खुर्चीत बसून होतो. आजच्या आयतीतही 'उभं राहणं' आहे, रबसमोरचं. ज्याला ते उभं राहणं आठवतं, त्याला आईसाठी खुर्चीतून उठणं जड जात नाही.

फज्रनंतर अम्मीची माफी मागितली. ती म्हणाली, ''मी विसरले पण.'' मला माहीत होतं, विसरली नव्हती.

आज काय करायचं?

गझाली म्हणतात, सुंदर अक्षर हवं असेल तर आधी चांगल्या लेखकासारखं गिरवावं लागतं. गिरवता गिरवता तो हाताचा स्वभाव होतो. सब्र, नम्रता, उदारपणाही असेच येतात. आधी जबरदस्तीने, मग सवयीने, मग मनापासून. म्हणून सुरुवातीला ढोंग वाटलं तरी सोडू नका.

1. आपली खरी 'हवा' ओळखा. कोणत्या गोष्टीत कुणी अडवलं की लगेच पारा चढतो? तीच.

2. राग आला की शरीराची स्थिती बदला. उभे असाल तर बसा, तरीही गेला नाही तर आडवे व्हा, ही पैगंबरांची (स.) शिकवण आहे. मी बसूनच चिडतो, म्हणून मी वुजूला उठतो. वुजूचा सल्लाही हदीसमध्ये आहे.

3. इशानंतर पाच मिनिटं मुहासबा करा. दिवसाचा लॉग वाचा. चूक दिसली तर तौबा, आणि ज्याचं मन दुखावलं त्याची माफी. माणसाचा हक्क नुसत्या तौबाने फिटत नाही.

आता रात्रीच्या कॉलआधी मी कोमट पाण्याचा थर्मास अम्मीच्या उशाशी ठेवतो. छोटी गोष्ट आहे. तरी तिने हाक मारली की उठायचं, हे अजून गिरवतोच आहे. दोनदा चुकलो.

या अल्लाह, आमच्या नफ्सला तुझ्या हुकमात ठेव, आणि ज्यांची सेवा आमच्या हातात आहे त्यांच्यासाठी उठण्याची ताकद दे. आमीन.

आज घरी कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला उठून बघा. उद्या भेटू, इन्शाअल्लाह.