पावतीवर 120, खात्यात 47

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो म्हणजे तो भरलाही जातो, असं किहीममधल्या कितीतरी घरांना वाटतं. मुंबईत कंत्राटदाराकडे कामाला जाणाऱ्या कोणालाही विचारा, पाकिटातून कार्ड काढून दाखवेल. आमच्या ह्यांच्याकडेही होतं.

हे फोर्टातल्या एका ऑफिसात हाउसकीपिंगला. पगार कंत्राटदार द्यायचा, 16,000 रुपये. पावतीवर दर महिन्याला ‘ईएसआय 120’ अशी ओळ. जुलै 2019 पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. म्हणजे कंत्राटदाराने पदरचे 520 घालून 640 रुपये पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे, एवढंच काम. फेब्रुवारीत ह्यांना अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली. तेव्हा जो तो म्हणाला, ईएसआय आहे ना, मग काळजी कसली? त्यांचंही चूक नव्हतं. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. अर्धांगवायू, क्षय, कर्करोग अशा यादीतल्या 34 लांबणाऱ्या आजारांना तर 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत.

ईएसआयच्या शाखा कार्यालयातल्या बाईंनी ह्यांचा विमा क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, “ताई, ह्यांचे दिवसच भरत नाहीत.”

फेब्रुवारीतल्या आजाराला आधीच्या एप्रिल ते सप्टेंबरचे दिवस धरतात. त्यात निदान 78 दिवसांची वर्गणी हवी. हे महिन्याला 26 दिवस भरायचे. नोंद मात्र 10 दिवसांची, आणि पगारही तेवढ्याच दिवसांचा दाखवलेला. म्हणजे 120 कापले आणि भरले 47. बाकीचे कुठे गेले, ते मी सांगायला नको. लांबणाऱ्या आजारासाठी दोन वर्षांचे मिळून 156 दिवस लागतात, तेही होत नव्हते, कारण मधले काही महिने सरळ शून्य होते. मी विचारलं, शून्य कसे? बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. जुलैपुढे कारण लिहिलं होतं, ‘रजेवर’.

जुलैत रजेवर! जुलैत मुंबईला नेणारी मांडव्याची लाँच बंद असते. पावसाळाभर हे लालबागला भावाकडे राहायचे, ते गणपतीला घरी. लावणीला मी आणि सासूबाई दोघीच चिखलात होतो. रजेवर असते तर आमच्याबरोबर असते ना हे! पैसे भरायचे राहिले असते तर एक वेळ विसरले म्हटलं असतं. पण कोणीतरी खुर्चीत बसून यादीतून ‘रजेवर’ निवडलं होतं.

कंत्राटदार आधी म्हणाला सर्व्हर डाऊन आहे. मग म्हणाला, “वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही.” नंतर मुकादमाला पाकीट आणि टाईप केलेला कागद देऊन घरी पाठवलं. पाकिटातले घ्या आणि कागदावर सही करा, असा आग्रह. मी चहा दिला, सही दिली नाही. ऑफिसातल्या साहेबांचं तर एकच पालुपद, “तो आमचा माणूस नाही.” रोज ज्याच्याकडून टेबल पुसून घेतलं तो तुमचा नाही?

तो त्यांचाच, हे अलिबागच्या एका कामगार कार्यकर्त्याने सांगितलं. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कायद्याप्रमाणे कंत्राटी माणसाचे दोन्ही वाटे भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, मग त्याने ते कंत्राटदाराच्या बिलातून वळते करावेत. मालकाच्या चुकीने लाभ बुडाला, तर ईएसआय महामंडळ तो कामगाराला देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. महामंडळाकडे केलेल्या लेखी तक्रारीला पगाराच्या पावत्या जोडल्या आणि ऑफिसच्या गेटवरची हजेरी मागवा म्हणून लिहिलं. गेटच्या हजेरीत जुलै पूर्ण भरलेला निघाला. मग साहेबांचा फोन आला, आवाजात साखर. वर्गणी भरली गेली, वर 12 टक्के व्याज. आम्हाला लाभ मिळाला, पण तोवर उसनवारी झाली होती आणि व्यायाम शिकवणारा माणूस परवडत नाही म्हणून बंद केला होता. ते दिवस कोण भरून देणार?

तेव्हा कामगारांच्या घरच्यांनी एवढं करा. विमा क्रमांकाला आपला मोबाईल जोडून घ्या आणि पोर्टलवर नुसतं नाव नाही, दिवस बघा. सप्टेंबर आणि मार्च संपला की 78 मोजा. पावती फाडू नका. मालकाचा सव्वातीन टक्के वाटाही पगारातून कापणारे महाभाग आहेत, तसं कापणं बेकायदा आहे. आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढताही येत नाही, धमकीला भिऊ नका. बाकी कागद जपणं, वेळेत तक्रार करणं हे सगळे सांगतातच.

किहीम, आवास, थळला आता रिसॉर्ट झालेत. पहारेकरी, सफाईवाले एजन्सीकडूनच येतात. त्या मालकांना सांगते, चलन बघून बिल पास करू नका. चलनावर एकूण रक्कम असते, कोणाचे किती दिवस ते नसतं. नाववार यादी मागा, आपल्या गेटच्या वहीशी ताडून बघा, मगच चेक फाडा. उद्या वसुली आली तर ती तुमच्याच दारात येणार आहे.

आमच्या त्या कंत्राटदाराने आता एजन्सीचं नाव बदललंय. मुकादम तोच, आणि चोंढी नाक्यावर पोरं हेरत असतो. पोरांना पहिल्याच महिन्याचे दिवस बघायला सांगा.