मेसोथेलिओमा : वृद्धिघटकांचे संकेत आणि रोगाचा फैलाव

पुण्याच्या गणेशखिंड परिसरात, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशी जतन करणे व त्या देशभरातील संशोधकांना पुरविणे हे या संस्थेचे एक महत्त्वाचे कार्य होय. पेशींच्या संवर्धनात एक गोष्ट नित्य अनुभवास येते. पेशींना केवळ अन्न पुरत नाही. संवर्धनद्रवात सीरम मिसळले, तरच बहुतेक पेशींची वाढ होते. कारण सीरममध्ये ‘वृद्धिघटक’ नावाची प्रथिने असतात. ‘आता विभाजन करा’ हा संदेश पेशींना त्यांच्याकडून मिळतो. अशा एका घटकामुळे नवजात उंदरांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडतात, हे स्टॅन्ली कोहेन यांना आढळले. वृद्धिघटकांच्या शोधाबद्दल त्यांना व रीटा लेव्ही-मोन्तालचिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

धुळीपासून रोगापर्यंत

शरीराला हितकारक असलेली हीच यंत्रणा बिघडली, तर काय होते याचे उदाहरण म्हणजे मेसोथेलिओमा. फुप्फुसावरील पातळ आवरणाचा हा कर्करोग प्रामुख्याने ॲस्बेस्टॉसच्या धुळीमुळे होतो. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांच्या अभ्यासातून हा संबंध प्रथम ठळकपणे दाखवून दिला. श्वासावाटे आत गेलेले सूक्ष्म तंतू आवरणापर्यंत पोहोचतात. भक्षकपेशी ते गिळू पाहतात, परंतु लांब तंतू त्यांना पचत नाहीत. दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि पेशींतील जनुकांना इजा होते. रोग प्रकट होण्यास सामान्यतः २० ते ५० वर्षे लागतात.

कुलूप आणि किल्ली

वृद्धिघटक ही किल्ली मानली, तर पेशीच्या पृष्ठभागावरील ‘ग्राही’ हे कुलूप होय. किल्ली बसताच दोन ग्राही जोडीने कार्यान्वित होतात आणि संदेश एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात पेशीकेंद्रापर्यंत पोहोचतो. निरोगी पेशीत हा संदेश काम होताच थांबतो. मेसोथेलिओमाच्या पेशी मात्र अनेकदा स्वतःच वृद्धिघटक निर्माण करतात आणि स्वतःच त्यांना प्रतिसाद देतात.

त्यांपैकी एक घटक विशेष उद्बोधक आहे. यकृताच्या पेशी वाढविणारा घटक आणि पेशींना एकमेकींपासून विखुरणारा घटक असे दोन वेगळे शोध लागले होते. १९९१ मध्ये ते दोन्ही एकच असल्याचे सिद्ध झाले. त्याच्या संकेताने पेशी शेजारणींचा हात सोडतात, सरकू लागतात आणि भोवतालच्या ऊती विरघळविणारी विकरे स्रवतात. म्हणूनच हा रोग आवरणावर थरासारखा पसरत छातीची भिंत व श्वासपटलापर्यंत जातो. रक्तवाहिन्या वाढविणारा दुसरा घटक गाठीला रक्त पुरवितो, तसेच छातीत पाणी साचण्यासही हातभार लावतो.

उपचारांची दिशा

मग एक कुलूप बंद केले की रोग थांबेल काय? केवळ एका ग्राहीस रोखणाऱ्या औषधांनी मेसोथेलिओमात निराशाच केली; कारण पेशीत अनेक ग्राही एकाच वेळी संदेश देत असतात आणि एक वाट अडविली तरी दुसरी मोकळी राहते. तथापि, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील ४४८ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या औषधांना रक्तवाहिनी-वृद्धिघटकाला रोखणाऱ्या औषधाची जोड देण्यात आली. तेव्हा मध्यम आयुर्मर्यादा १६.१ महिन्यांवरून १८.८ महिन्यांवर गेली. लाभ थोडा असला, तरी दिशा स्पष्ट आहे.

प्रतिबंध हाच मार्ग

यास्तव खरा उपाय धूळ टाळणे हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे, किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. रोगाच्या दीर्घ सुप्तावस्थेची जाण त्यामागे होती. जुने ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे कोरडे असताना कापू, घासू वा फोडू नयेत. पत्र्यांच्या वा उष्णतारोधक आवरणांच्या कारखान्यात, अथवा जहाजतोडणीत, पूर्वी काम केलेल्या व्यक्तीस धाप लागू लागल्यास अथवा छातीत दुखू लागल्यास तिने आपला जुना व्यवसाय डॉक्टरांना आवर्जून सांगावा. तीस वर्षांपूर्वीच्या धुळीचा हा एक उल्लेख निदानाची योग्य वाट दाखवू शकतो.