चाचणीत नाव घालण्याआधी आणि नंतर

टाइप टू मधुमेह असलेल्या माणसाला वजन उतरवणं जास्त जड जातं. हे आम्ही मधुमेही कधीपासून सांगत होतो, २०२१ मध्ये ते आकड्यांत आलं. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाचा आठवड्याला २.४ मिलिग्रॅमचा डोस मधुमेह नसलेल्या स्थूल लोकांना ६८ आठवडे दिला, तेव्हा त्यांचं वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटलं. मधुमेह्यांना तोच डोस तेवढाच काळ दिला, तर ९.६ टक्क्यांनी. हा फरक कळला तो १,२१० मधुमेही त्या चाचणीत दर आठवड्याला सुई टोचून घ्यायला तयार झाले म्हणून. अशाच एका इंजेक्शनाच्या चाचणीत मी पुण्यात भाग घेतला. औषधाचं आणि कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. जे शिकले ते लिहिते, कारण माझ्या ओळखीतल्या अनेकांना आता अशा चाचण्यांत भाग घेण्यासाठी फोन येऊ लागले आहेत.

१. चाचणी म्हणजे उपचार नव्हे

ही गोष्ट आधी मनात पक्की बसली पाहिजे. डॉक्टर तुमच्या तब्येतीची काळजी घेतात, पण चाचणी एका प्रश्नाचं उत्तर शोधत असते. तुम्हाला औषध मिळणार की नुसतं प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली सुई, हे संगणक ठरवतो. ते तुम्हाला कळत नाही आणि डॉक्टरांनाही कळत नाही. बाजारात आलेलं औषधच हवं असेल, तर आपल्या डॉक्टरांशी बोलून चिठ्ठी घ्यावी, तो सरळ रस्ता आहे. माझं कारण वेगळं होतं. मधुमेहापायी माझ्या आईची शेवटची वर्षं डायलिसिसच्या खुर्चीत गेली. माझ्या मुलीच्या वाट्याला ते येऊ नये, एवढ्यासाठी मी चाचणीत गेले. ‘तुझ्यावर प्रयोग करणार ते’ असं जाऊबाई म्हणाल्या. प्रयोग आहेच, आणि तो कशासाठी आहे हे कळल्यावरच मी हो म्हटलं.

२. संमतीपत्र घरी न्या, सही नंतर करा

संमतीपत्र मराठीत मिळतं, पण ते कचेरीच्या मराठीत असतं आणि पानंच्या पानं असतं. ‘काकू, इथे सही करा’ म्हणणारी कोऑर्डिनेटर मुलगी गोड असली तरी तिथल्या तिथे सही करू नका. घरी न्या, मुलांना मोठ्याने वाचायला सांगा, समजलं नाही तिथे पेन्सिलीने खूण करा. मी खुणा करून परत गेले तेव्हा डॉक्टरांनी एकेक ओळ समजावून सांगितली. तसं सांगणं त्यांच्या कामाचाच भाग आहे.

काय पाहायचं ते सांगते. इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार? आपल्या देशात २०१९ च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार चाचणीत इजा झालेल्याला मोफत उपचार मिळतात. इजा चाचणीशी संबंधित नाही असं ठरलं तर मात्र ते थांबू शकतात. चाचणीमुळे झालेल्या इजेला किंवा मृत्यूला भरपाईही आहे. हे कुणी आपण होऊन दिलेलं नाही. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये चाचण्यांतल्या गैरप्रकारांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, त्यानंतर नियमांची चक्रं जोरात फिरली. आज आपण निवांतपणे सही करतो, त्यामागे ज्यांना चाचणीत घेताना कुणी काही विचारलंच नव्हतं अशा माणसांचं दुःख आहे. ते मी विसरत नाही.

दुसरं म्हणजे आचारसमितीचा, म्हणजे एथिक्स कमिटीचा, फोन नंबर. या समितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी व्यक्ती असते आणि एक सामान्य नागरिकही असतो. डॉक्टरांशी बोलून समाधान झालं नाही, तर थेट तिथे फोन करता येतो. तिसरं, सही केलेल्या पत्राची प्रत. ती मागून घ्या आणि रेशनकार्डाजवळ ठेवा.

३. नोंदणी तपासा

१५ जून २००९ पासून भारतातली प्रत्येक चाचणी सुरू होण्याआधी सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. सीटीआरआय म्हणतात तिला. नोंदणी क्रमांक मागा आणि घरातल्या कुणाला तरी तो पाहायला सांगा. पैसे लागत नाहीत. क्रमांक द्यायला कुणी कां-कूं करत असेल, तर तिथून उठावं.

४. निवड झाली नाही तर वाईट वाटून घेऊ नका

अशा चाचण्यांत बहुधा बीएमआय २७ च्या पुढे हवा असतो आणि तीन महिन्यांची साखर ठरावीक हद्दीत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा घरात थायरॉइडचा विशिष्ट कर्करोग असेल, तर घेत नाहीत. डोळ्याचा पडदा तपासतात, कारण साखर झपाट्याने उतरली की आधीच दुखावलेला पडदा बिघडू शकतो.

इथे मला एक गोष्ट खटकते. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, अशा बांध्याचे मधुमेही किती तरी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी एकाच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बीएमआय २७ ची अट लावली की असे लोक दारातूनच परत जातात, आणि मग औषध त्यांच्यावर कसं चालतं हे कळतच नाही. आपल्या बांध्याच्या माणसांसाठी वेगळ्या चाचण्या व्हायलाच हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

५. शुगर लो होण्याची तयारी ठेवा

ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर सुरुवातीलाच तिचा डोस कमी करायचा का, हे विचारा. इंजेक्शनाने भूक मरते, जेवण अर्ध्यावर येतं आणि गोळी मात्र पूर्वीइतकीच साखर खाली ओढत राहते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली, की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवं. मळमळ, बद्धकोष्ठ, ढेकर यांचा त्रास डोस वाढवतात तेव्हा जास्त होतो. सणाचं ताट समोर आलं तरी पोट भरल्यावर थांबायचं, आग्रह करणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचं.

चाचणीचं कार्ड पर्समध्ये ठेवा. दुसऱ्याच कुठल्या दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली, तरी त्याच दिवशी केंद्राला फोन गेला पाहिजे. गंभीर घटना कळवायला डॉक्टरांना २४ तासांचीच मुदत असते.

६. वहीत खरं तेच लिहा

सगळ्यात मोलाचं मला हेच वाटतं. खाल्लेलं, टोचलेलं, विसरलेलं, उलटी झालेलं, सगळं चाचणीच्या वहीत लिहायचं असतं. आषाढीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर ती लिहायची. उपवास होता म्हणून ती हलकी होत नाही, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. आहारतज्ज्ञ रागावतील, डॉक्टरांना वाईट वाटेल, म्हणून अनेक जणी वही सजवतात. तुमच्या एका वहीने काय होतं, असं वाटतं खरं. पण तिर्झेपॅटाइड या अशाच दुसऱ्या इंजेक्शनाची २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली मधुमेह्यांवरची चाचणी पाहा. भारतासह सात देश मिळून माणसं होती ९३८. त्यांच्या अनुभवावर जगभरचे डॉक्टर लाखो लोकांना औषध देणार. चुकलेला डोस लपवला तर औषध आहे त्यापेक्षा कमजोर दिसतं. उलट्या लपवल्या तर ते आहे त्यापेक्षा निर्धोक दिसतं, आणि त्याची किंमत आपण कधीच न पाहिलेली कुणीतरी बाई मोजते.

७. प्लासिबो वाट्याला येणं ही फसवणूक नव्हे

‘नुसतं पाणीच टोचत असतील तर?’ असं बाकावर शेजारी बसलेल्या एक आजी हळूच म्हणायच्या. त्यांना मी आकडे सांगायचे. सेमाग्लुटाइडच्या मधुमेह्यांवरच्या त्या चाचणीत प्लासिबोवाल्यांचंही वजन ३.४ टक्क्यांनी उतरलं, कारण आहाराचा सल्ला आणि चालणं सगळ्यांनाच होतं. ९.६ मधून हे ३.४ वजा केल्यावरच औषधाचं खरं काम दिसतं. म्हणजे या लोकांशिवाय उत्तरच निघत नाही.

८. सोडायचं असेल तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा

कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. पण इंजेक्शन थांबवणं वेगळं आणि चाचणी सोडणं वेगळं. त्रास सोसत नसेल तर सुई बंद करून फक्त तपासणीला येत राहता येतं का, ते विचारा. ज्यांना औषध झेपलं नाही त्यांची माहितीही तितकीच लागते.

९. संपल्यानंतरचं आधी विचारा

मधुमेह नसलेल्यांमध्ये सेमाग्लुटाइड आणि त्याबरोबरचं मार्गदर्शन बंद झाल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, असं दिसलं आहे. आम्हा मधुमेह्यांची साखरही मागोमाग चढते. म्हणून शेवटच्या सुईनंतर कमी केलेल्या गोळ्या कोण आणि कधी वाढवणार, चाचणीनंतर औषध मिळणार का, मिळालं तर किती काळ, हे सहीच्या आधी लिहून घ्या. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून सगळं कळवत राहा, कारण पुढे तेच आपल्याला सांभाळणार आहेत. वजनाबरोबर स्नायूही झिजतात, तेव्हा डाळ, उसळ, ताक, अंडं चालत असेल तर अंडं, आणि थोडे वजन उचलण्याचे व्यायाम चाचणी चालू असतानाच अंगवळणी पाडा.

आपल्याला औषध मिळालं की प्लासिबो, हे सगळ्या केंद्रांची माहिती गोळा होऊन बंद झाल्यावरच सांगता येतं. त्याला बराच काळ लागतो. ते कळवण्याची विनंती करून ठेवा, आणि घर किंवा फोन बदलला तर केंद्राला नवा पत्ता द्या.