संशोधक विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगणारे कोण?

पूर्वी आपल्या वस्तीत एखादा मुलगा मॅट्रिक झाला तरी साऱ्यांना केवढे कौतुक वाटे! आज अमरावती-अकोल्याकडे एम.ए., एम.कॉम. झालेली आपली मुले-मुली पुष्कळ आहेत आणि १९८३ साली अमरावतीस विद्यापीठ स्थापन झाल्यापासून पीएच.डी.च्या नोंदणीसाठी नागपूरच्या चकरा मारण्याचेही कारण उरले नाही. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या मुलांच्या प्रबंधाचे कच्चे लिखाण वाचावयास घेतले म्हणजे एक गोष्ट मनाला सलते. त्यातील उणिवा त्यांना कोणी मोकळेपणाने सांगितलेल्याच नसतात.

काही लोक सांगतात, पण तुच्छतेने. तसले बोलणे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. त्यामुळे टीका म्हटली की आपली मुले अंग चोरतात, यात त्यांचा दोष नाही. उलट आपलेच हितचिंतक ‘पहिली पिढी आहे, चालायचेच’ म्हणून पाठ थोपटतात. आमच्या मते या दयेच्या पांघरुणाखाली तीच तुच्छता दडलेली असते; कारण या मुलाकडून याहून चांगले होणार नाही, हे त्यात गृहीतच धरलेले असते. बँकेत संध्याकाळी कॅश जुळली नाही, तर ‘बिचारा नवीन आहे’ म्हणून कोणी दहा रुपयांचा फरक सोडून देत नाही. फरक दाखविला म्हणजे कोणाचा अपमानही होत नाही.

बाबासाहेबांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधाचे उदाहरण या बाबतीत आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. विषय होता रुपयाचा प्रश्न. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रा. एडविन कॅनन हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९२२ मध्ये सादर केलेला हा प्रबंध परीक्षकांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. बाबासाहेबांनी तो दुरुस्त करून पुन्हा पाठविला, तेव्हा १९२३ साली पदवी मिळाली व त्याच वर्षी लंडनमध्ये ग्रंथ छापून निघाला. त्याची प्रस्तावना कॅनन यांनीच लिहिली आणि तीत लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपणांस मान्य नाहीत असे उघड सांगितले. मात्र लेखकाच्या विचारांतील ताजेपणाची मनापासून वाखाणणीही केली. आपल्याकडे अशी प्रस्तावना आली, तर किती जण ती छापतील? बाबासाहेबांनी ती छापली. एवढेच नव्हे, तर कॅनन यांनी आपल्या विवेचनाची कठोर तपासणी केल्यामुळे आपण अनेक चुकांपासून वाचलो, असे त्यांनी स्वतःच्या मनोगतात नमूद केले. पुढे १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे भारतीय चलनावर त्यांनी साक्ष दिली, ती याच तावून-सुलाखून निघालेल्या अभ्यासाच्या बळावर.

आता आपल्याकडे पाहू. समजा, खारपाणपट्ट्यातील कापूस उत्पादकांच्या कर्जबाजारीपणावर एखादा विद्यार्थी प्रबंध लिहीत आहे. त्याने शंभर प्रश्नावल्या भरून घेतल्या, ‘होय-नाही’ची टक्केवारी काढली आणि शेतकरी कर्जबाजारी आहे असा निष्कर्ष लिहिला. तो तर सर्वांना आधीच ठाऊक होता! अशा विद्यार्थ्याला ‘छान आहे’ म्हणून काही साधत नाही आणि ‘काही दम नाही’ म्हणूनही नाही. त्याला विचारावे, बाबा रे, हीच शंभर माणसे का निवडलीस? वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात गेलास, तर मजूर बाया शेतात असणार. तुला भेटणार ती पारावर बसलेली माणसे. मग बायांचे म्हणणे तुझ्या तक्त्यात आले कोठून? तू बँकेचे पीककर्जाचे आकडे घेतलेस, हे ठीक. परंतु ते कर्ज बहुधा ज्याच्या नावे सातबारा आहे त्यालाच मिळते. मक्त्याने शेती करणारा त्यात सहसा दिसत नाही. सावकाराचे देणे नाही, कृषी केंद्रावरची बियाण्या-खताची उधारी नाही. म्हणजे तुझ्या प्रबंधातील कर्ज हे बँकेच्या खातेवहीतील कर्ज आहे, शेतकऱ्याच्या डोक्यावरचे नव्हे. एवढे सांगितले तर त्या मुलाला उद्या काय करावयाचे ते कळते.

उतारेगिरीचा उल्लेखही करावयास हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत चालते आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. म्हणून मुले शब्द फिरवून यंत्राला चुकवितात. यंत्र शब्द मोजते. विचार उसना आहे की स्वतःचा, हे वाचणाऱ्या माणसालाच ओळखावे लागते.

वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू पवारणा करतात, हे वाचकांस ठाऊक असेलच. माझ्या वागण्यात काही दोष दिसला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने दाखवून द्यावा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघास करतो. थेरही त्यातून सुटत नाहीत. येथे दोष ऐकणाराच आधी हात जोडून मागणी करतो, म्हणून सांगणाऱ्याला संकोच नाही व ऐकणाऱ्याला अपमान नाही. हीच रीत आपल्या अभ्यासिकांतून का सुरू करू नये? महिन्यातील एका रविवारी एका विद्यार्थ्याने आपले एक प्रकरण वाचावे आणि उणिवा सांगा म्हणून स्वतःच विनंती करावी. निवृत्त प्राध्यापक, शिक्षक, आमच्यासारखे बँकवाले, गावाकडून आलेला एखादा शेतकरी अशा चार-सहा जणांनी प्रश्न विचारावेत. हार-शाल नको, भाषणे नकोत. प्रश्न विचारणाऱ्याने ते प्रकरण आधी घरी पूर्ण वाचलेले असावे, एवढी अट मात्र जरूर घालावी.