सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर अणुभट्टीच्या कामाला लावण्यापूर्वी

१३ मार्च १९७९ रोजी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने पाच अणुवीज संच बंद ठेवण्याचे आदेश काढले: बीव्हर व्हॅली, फिट्झपॅट्रिक, मेन यांकी आणि सरीचे दोन. कुठे गळती नव्हती की काही फुटलं नव्हतं. भूकंपात पाइपांवर येणाऱ्या भारांचं जुन्या प्रोग्रॅमने केलेलं गणित नव्या प्रोग्रॅमच्या उत्तराशी जुळेना, एवढंच. जुना प्रोग्रॅम आडव्या आणि उभ्या धक्क्याचे भार चिन्हासकट बेरजेत धरत होता. समजा, आडव्या धक्क्याने ३० किलोन्यूटन आणि उभ्याने उणे ४० आले, तर या हिशेबात उरतात फक्त १०. धक्के असे सोयीने एकमेकांना खोडतीलच याची हमी कोण देणार? म्हणून दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं असतं. ते येतं ५०.

अमेरिकेच्या अणुवीज केंद्रांसाठी गणित करणाऱ्यांना तिथल्या कायद्याचं ‘१० सीएफआर ५०, परिशिष्ट बी’ लागू होतं. त्यात गुणवत्तेचे १८ निकष आहेत. एएसएमईच्या एनक्यूए-१ या मानकात सॉफ्टवेअरसाठी वेगळा भाग आहे. हे कागद वाचायलाच हवेत. पण टेबलावरची कृती पुढीलप्रमाणे.

आधी वापर लिहून काढा. कोणत्या प्रकारचं विश्लेषण, कोणते एलिमेंट, पदार्थाची कोणती वागणूक, तापमान आणि दाब कुठपर्यंत. अख्खं सॉफ्टवेअर कोणालाच तपासता येत नाही, तशी गरजही नसते. तुम्ही जे वापरणार तेवढं तपासायचं. या यादीबाहेरचा पर्याय पुढे कोणी वापरला तर तो तपासलेला नाही, असंच धरायचं.

मग व्हर्जन पक्कं करा. नुसतं नाव पुरत नाही. पॅच, ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोसेसर आणि किती कोअरवर रन केला तेही नोंदवा.

आता चाचणीची गणितं. खरा वेळ इथेच द्यायचा. ज्यांचं उत्तर सॉफ्टवेअरशिवाय काढता येतं अशीच गणितं निवडा, आणि उत्तरात किती फरक चालेल तो आकडा रन करण्याआधी लिहून सही करा. उत्तर पाहून मर्यादा ठरवली तर ती चाचणी राहत नाही. उदाहरणार्थ जाड भिंतीचं नळकांडं घ्या: आतली त्रिज्या १०० मिलिमीटर, बाहेरची २००, आतला दाब १० मेगापास्कल. लामेच्या सूत्राने परिघाच्या दिशेचा ताण आतल्या कडेला १६.६७ आणि बाहेरच्या कडेला ६.६७ मेगापास्कल येतो. ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या नाफेम्स या संस्थेची प्रमाणगणितं प्रसिद्ध आहेत. ‘एलई१’ या लंबवर्तुळी पातळ पट्टीच्या गणितात ठरलेल्या बिंदूवर ९२.७ मेगापास्कल ताण यायला हवा. प्रत्येक गणित निदान तीन मेशवर चालवा. मेश बारीक होत जाताना उत्तर एका आकड्याकडे सरकत गेलं पाहिजे. एकाच मेशवर नेमकं उत्तर मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका, तो योगायोग असू शकतो. पाइपांचं काम असेल तर वरचं ३० आणि उणे ४० चं गणितही चाचण्यांत घाला; चिन्हाची चूक अशा छोट्या गणितात लगेच उघडी पडते.

व्हेंडरचा चाचणीसंच स्वतःच्या मशीनवर चालवा. त्याच्याकडे सगळं पास झालं याचा अर्थ तुमच्या सर्व्हरवरही होईल असा नाही. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की हा संच पुन्हा चालवायचा. लोक नेमकं हेच विसरतात.

तपासणारा माणूस वेगळा हवा. ज्याने गणित मांडलं त्यानेच ते तपासून सही केली, तर ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो, आणि ते योग्यच आहे.

निर्दोष सॉफ्टवेअरही चुकीच्या हातात चुकतं. नॉर्वेत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइपनर ए या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया फ्योर्डमध्ये बुडाला. मेश नीट न आखल्यामुळे कातरताण ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता. म्हणून कोणत्या जागी किती बारीक मेश लागते, हे चाचणीच्या अहवालातच लिहा आणि गणित करणाऱ्यांच्या हाती द्या. जिथे सूत्र नाही, तिथे प्रयोगशाळेतल्या मोजमापांशी तुलना करावी लागते. तो खर्च क्लायंटला सुरुवातीलाच सांगा.

इनपुट फाइल, आउटपुट, हातचं गणित आणि सह्या एकत्र जपा. दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला तोच रन करून तेच उत्तर काढता आलं पाहिजे.

एवढं झालं की सॉफ्टवेअर कामाला लावा, पण फाइल बंद करू नका. व्हेंडर वेळोवेळी दोषांच्या सूचना पाठवतो आणि बऱ्याच कार्यालयांत त्या कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहतात. एक माणूस त्यासाठी नेमा. प्रत्येक सूचनेपुढे त्याने लिहायचं: हा पर्याय आपण वापरला का, कोणत्या कामात, उत्तर किती बदलतं. जुन्या कामात सुरक्षेवर परिणाम करणारा दोष असण्याची शक्यता दिसली, तर ‘१० सीएफआर २१’ प्रमाणे छाननीला ६० दिवस मिळतात. दोष ठरल्याचं जबाबदार अधिकाऱ्याला कळलं की त्याने दोन दिवसांत आयोगाला कळवायचं असतं.