दारूची तपासणी म्हणजे दारुड्याचा शिक्का?

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत नोकरीला आहे. पार्टीहून येताना पिऊन गाडी चालवली म्हणून पोलिसांनी पकडलं. दंड भरला, तरी आता दारूच्या सवयीची तपासणी करून घ्या म्हणतात. पोरगा दारुडा नाही. तिथं थोडं कमीच सांगितलेलं बरं ना? – एक वाचक, हुपरी

उत्तर : कमी सांगू नये, हे आधी त्याला कळवा.

ही तपासणी एकट्या तुमच्या भाच्याच्या मागे लागलेली नाही. न्यू जर्सीत या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या प्रत्येकाला, पहिल्यांदाच सापडला असला तरी, त्यासाठीच्या केंद्रात जावं लागतं. पहिल्या खेपेला निदान 12 तास, सलग दोन दिवसांत. टाळलं तर परवाना अडकतो, दोन दिवसांचा तुरुंगवासही होतो.

विचारतात काय? जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही 10 प्रश्नांची यादी अशा कामासाठी जगभर वापरली जाते. किती वेळा पिता, एकदा बसलात की किती होते, सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का, रात्रीचं काही आठवत नाही असं होतं का. एकूण गुण 40. 8 किंवा जास्त आले की पिणं धोक्याकडे चाललंय असं समजतात. ती रोगाची चिठ्ठी नव्हे, पुढं बोलायला हवं एवढाच अर्थ.

आता लपवण्याचं. रक्तात किती दारू होती हा आकडा पोलिसांच्या कागदावर असतो. आकडा मोठा आणि माणूस मात्र सरळ चालत-बोलत होता, तर जाणकार लगेच सावध होतो. शरीर सरावल्याशिवाय असं होत नाही. आपल्याकडे ‘कितीही घेतली तरी मला चढत नाही’ हे छाती फुगवून सांगतात. डॉक्टरच्या लेखी ती काळजीची खूण आहे. दोनच पेग घेतले म्हणणाऱ्याचं आणि कागदाचं जमलं नाही, की पुढच्या त्याच्या कुठल्याच उत्तरावर विश्वास राहत नाही.

आपल्या कायद्याची मर्यादा तिथल्यापेक्षा कडक आहे. 100 मिलिलिटर रक्तात तिथं 80 मिलिग्रॅम, इथं 30. 2019च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला 10 हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. परवाना निलंबित झाला तर वाहन चालवण्याचं उजळणी प्रशिक्षणही घ्यावं लागतं. पण हा माणूस पितो किती आणि का, हे कायदा विचारत नाही. दंड भरून तो त्याच गाडीवर, त्याच सवयीसह घरी येतो. मला ही मोठी उणीव वाटते. हुपरी-इचलकरंजी रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्याला त्याच्या पावतीचा काय उपयोग?

‘ऑडिट’चा शेवटचा प्रश्न असा, की नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर यांपैकी कुणी तुमच्या पिण्याबद्दल काळजी बोलून दाखवली आहे का. तुम्हाला ती वाटत असेल तर मामा म्हणून त्याला आताच स्पष्ट सांगा. आणि हुपरीतच कुणाला मदत हवी असेल, तर 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. त्यासाठी आधी पोलिसांच्या हाती सापडावं लागत नाही.